सव्वासहाचा चढ

आईच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली, हे तिला स्वतःला कळलंच नव्हतं. मला कळलं ते तिच्या चादरीवरच्या डागामुळे. विचारलं तर म्हणाली, "दुखत नाय गं, मंग काय सांगू?" शुगरला वीस-एक वर्षं झालेली, तळव्यांची जाणीव कधीच निघून गेलेली. खडा रुतला काय नि चटका बसला काय, तिला सगळं सारखंच. रुपयाएवढी जखम घेऊन ती किती दिवस मुकुंदवाडीच्या बाजारात भाजीची घासाघीस करत फिरत होती, कोण जाणे.

मी स्वभावानं घायकुती. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे माझ्या घायकुतीचा सगळा मारा आईवर. चिकलठाण्याला एका कारखान्यात मी क्वालिटीत आहे. आलेल्या पार्टचं माप घ्यायचं, मापात बसला तर पुढं सोडायचा, नाही बसला तर लाल पट्टी लावून बाजूला ठेवायचा. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरातही तसाच वागायला लागतो. आई शेजारणींना सांगायची, "हिला भात वाढला तरी आधी मोजून बघंल."

छावणीच्या बाजूला एका दवाखान्यात पायाच्या जखमा बघणाऱ्या डॉक्टर मॅडम आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जखमेत बारीक सळई घालून खोली बघितली, तरी आई शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसली होती. मॅडम आडपडदा न ठेवता बोलल्या. जखम वरवर आहे तोवर भरून येईल. हाडाला लागली तर अंगठा काढावा लागेल. आणि तरी नाही थांबली तर पाऊल. "अंगठ्यावाचून चालता येतं, मावशी, पण तोल जातो," त्या म्हणाल्या. आईनं मान हलवली.

त्यांच्याकडे तेव्हा एका नव्या उपकरणाचा अभ्यास चालू होता. जखमेवरच्या पट्टीत एक पातळ, जवळजवळ पारदर्शक चकती बसवायची. तिच्यात केसापेक्षा हजारो पट बारीक कणांचे सेन्सर. जखमेचं तापमान किती, ओल किती, आम्लता किती, हे ते सतत मोजत राहतात. घोट्याला शर्टाच्या बटणाएवढं एक यंत्र, ते दर पंधरा मिनिटांनी आकडे मोबाईलवर पाठवतं. ज्या माणसाला स्वतःचा पाय कळत नाही, त्याच्या वतीनं ती चकती पायाकडे लक्ष ठेवणार. अभ्यासाचं काम बघणाऱ्या एक बाई होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. त्यांनी समजावून सांगितलं, "पट्टी न सोडता जखम कशी चाललीय ते कळतं. रोज रोज उघडली की जखमेला त्रासच." सही कुठं करायची, एवढंच मी विचारलं. आकडे मिळणार म्हटल्यावर मला जरा हुशारी आली होती.

त्याच दिवशी बूटही मिळाला. पायाचा साचा घेऊन बनवलेला, जाड तळाचा, अंगठ्याखाली पोकळी ठेवलेला, म्हणजे वजन जखमेवर न पडता टाचेवर जावं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हा घालूनच उठबस करायची. बाकी वेळ पाय वर."

रिक्षानं घरी आलो. दारात मी मोबाईल धरून उभी, कारण बटणाची नि मोबाईलची जोडणी होत नव्हती. आई उंबऱ्याशी थांबून काहीतरी म्हणाली. मी "काढ, काढ" म्हणाले, खाली वाकून पट्टे सोडवले, बूट ओल्या फडक्यानं पुसला आणि बाहेरच्या रॅकवर वर्तमानपत्र घालून ठेवला. इतका चांगला बूट म्हणून सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवला. तेवढ्यात जोडणी झाली, पहिला आकडा आला आणि मी बाकी सगळं विसरले.

तिथून माझी सगळी शांतता संपली. आकडे हिरवे, म्हणजे मापात, असले की बरं वाटायचं, पण पंधराच मिनिटं. पिवळा दिसला की जीव टांगणीला. कंपनीच्या बसमध्ये बघायचे, नाश्त्याच्या सुट्टीत बघायचे, साहेब बोलत असताना टेबलाखाली बघायचे. हातात मापाचं व्हर्निअर, समोर पार्ट आणि डोळा मोबाईलकडे. एकदा चांगल्या पार्टला लाल पट्टी लावली, तेव्हा शेजारचा सहकारी म्हणाला, "मॅडम, रेंज नाय का आज?" सगळे हसले. मीही हसले आणि हसता हसता पुन्हा बघितलं.

पहिला आठवडा आकडे बरे होते. मग एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. सकाळी सव्वासहाच्या सुमाराला तापमानाची रेघ वर चढायची. तास-दीड तास चढून मग हळूहळू उतरायची. पुन्हा अकराच्या पुढं, आणि कधीकधी दुपारी दोनला. रविवारी मात्र रेघ जवळजवळ सपाट. मी वहीत रोजचा आलेख काढला. क्वालिटीत आम्ही हेच शिकतो. रोज ठरलेल्या वेळी बिघाड दिसला तर तो मालात नसतो, त्या वेळी कुणीतरी काहीतरी करत असतं.

कारखान्यात माझी पहिली पाळी. घराबाहेर पडायचे सहाला. म्हणजे मी बाहेर पडले की पंधरा मिनिटांत रेघ चढते, आणि रविवारी मी घरी असते तेव्हा चढत नाही. मला लख्ख दिसलं. ही बाई माझ्यामागे साखरेचा चहा पिते.

आता मागं वळून बघताना माझंच हसू येतं, आणि हसू आल्याचा रागही येतो. चहात चमचाभर साखर घातली म्हणून पंधरा मिनिटांत पायाचं तापमान चढत नाही, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. पण मला गुन्हेगार हवा होता आणि तो घरात बसलेला होता.

"आई, खरं सांग. गोड खातेस का?"

"नाय गं."

"मग सव्वासहाला काय होतं?"

"काय व्हतंय? मला काय घड्याळ कळतंय का पायातलं?"

"आकडे खोटं बोलत नाहीत."

"मंग मी बोलते व्हय?"

हे रोज. बोट टोचून शुगर बघितली तर ती ठीक यायची, तरी माझा संशय हटेना. साखरेचा डबा मी माझ्या कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. गूळही. पाहुण्यांनी आणलेला बिस्किटाचा पुडाही. आई दाराला टेकून बघत होती. म्हणाली, "माज्या तोंडालाच लाव एक कुलूप." आणि दोन दिवस बोलली नाही. माझी आई न बोलता राहते म्हणजे काय, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा.

तिसऱ्या आठवड्यात अभ्यासाच्या बाईंचा फोन आला. त्यांनाही तो चढ दिसला होता. "चालण्यामुळं जखमेवर भार येतोय का?" त्यांनी विचारलं. "बूट नियमित घालतात ना?"

मी कंपनीच्या जिन्यात उभी होते. "हो, एकदम नियमित," मी म्हणाले. "बूट घातल्याशिवाय बाहेर पाऊल टाकत नाही. मी स्वतः लक्ष ठेवते."

"मग सेन्सरचीच काही गडबड असेल. पुढच्या पट्टीला चकती बदलू."

चकती बदलली. चढ तसाच. आता सव्वासहाला हिरव्याचा पिवळा व्हायचा आणि आठपर्यंत पिवळाच राहायचा. ओल वाढत होती. आम्लतेची रेघ नको त्या बाजूला सरकत होती. जखम वरून बघायला तेवढीच दिसत होती आणि डॉक्टर मॅडम प्रत्येक वेळी "हं" एवढंच म्हणत होत्या. त्या "हं"चा अर्थ लावण्यात माझे दोन दोन दिवस जायचे. जेवताना, बोलताना, अंघोळ करताना मला आईचा अंगठाच दिसायचा. मला भीती वाटत होती. ती भीती मी आईवर ओरडून बाहेर काढत होते, दुसरं काही मला येत नव्हतं.

शेवटी एक दिवस रजा टाकली, पण आईला सांगितलं नाही. नेहमीसारखी सहाला डबा घेऊन निघाले, आणि बसच्या थांब्याकडे न जाता कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी मोबाईल धरून उभी राहिले. चोर पकडायला निघालेल्या शिपायाचा आव होता माझा. चहावाला म्हणाला, "आज बस चुकली का?" मी बोटानं गप्प बसायची खूण केली. सहा वाजून वीस मिनिटांनी आकडा आला. चढलेला. मी अर्धा चहा तसाच ठेवून धावत सुटले.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरले ती थेट स्वयंपाकघरात. कट्ट्यावर आईचा कप होता, तळाशी घोटभर चहा. मी तो तोंडाला लावला. फिका. डब्यांची झाकणं उघडली. डाळ, तांदूळ, पोहे. कणीक मळून ठेवलेली, भाजी चिरून ठेवलेली. मी दमून घरी येते तेव्हा सगळं तयार असायचं. ते कधी होतं, कोण करतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ओरडून बोलायला तोंड उघडलं होतं, पण आता कशावर ओरडावं तेच कळेना.

आई बाहेरच्या खोलीत होती. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. फळीवरच्या बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून ती हात जोडून उभी होती. अनवाणी. एक पाय नुसता, दुसरा पट्टीचा. आणि ओल्या फरशीवर स्वयंपाकघरापासून मूर्तीपर्यंत तिच्या उजव्या पावलाचे ठसे. अंगठ्याखालच्या जागी प्रत्येक ठशात फिकट तांबूस ठिपका.

मी त्या ठिपक्यांकडे बघत राहिले. वंदना होईपर्यंत आईनं मागं वळून बघितलं नाही.

"आई, बूट कुठंय?"

"दारात. कुठं असणार?"

"घातला का नाहीस?"

तिला माझा प्रश्नच समजला नाही. "घरात? मूर्तीपुढं? चुलीपाशी?" मग माझ्या तोंडाकडे बघून तिचा आवाज उतरला. "पहिल्या दिशी इचारलं व्हतं की तुला. ती डाक्टरीणबाई तर म्हणली घालूनच ऱ्हा, मंग काढू का? तू म्हणली काढ. तूच काढला, पुसून ठिवला. मला वाटलं, पोरगी शिकलेली हाय, त्या बाईला इचारूनच केलं आसंल."

आमच्या घरात, आमच्या गल्लीत, कुणाच्याही घरात पायताण उंबऱ्याच्या आत येत नाही. त्याला कुणी नियमही म्हणत नाही. दारात आलं की हात आपोआप पायाकडे जातो. डॉक्टर मॅडमच्या बोलण्यातला शब्द न् शब्द माझ्या कानात होता, तरी रस्त्यावरचा बूट घरात चालवायचा, हे माझ्या मनाला शिवलंच नव्हतं. बाहेर आई जायची आठवड्यातून दोनदा, दवाखान्यात. घरात ती दिवसाला शे-दोनशे वेळा इकडून तिकडं करायची, माझ्यासाठी; रविवारी तेवढी मी समोर असले की पाय वर घेऊन बसायची. आणि मी साखरेला कुलूप लावून बसले होते.

त्याच सकाळी दवाखान्यात गेलो. बूट घालून उंबऱ्यातून आत आणि आतून बाहेर, आईला पहिल्यांदा तसं चालताना बघितलं. ती मूर्तीकडे पाठ करून चालत होती, लाजल्यासारखी.

डॉक्टर मॅडमनी पट्टी सोडली, सळई घातली. या वेळी त्या "हं" म्हणाल्या नाहीत. पायाचा एक्स-रे फोटो काढून आणायला सांगितला. फोटोत हाडाची कड खाल्लेली दिसत होती, मलासुद्धा दिसत होती. अभ्यासाच्या बाई लॅपटॉपवर महिन्याभराची रेघ उघडून बसल्या होत्या. सगळे चढ ओळीनं.

"घरात बूट घालत होता का, मावशी?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

"नाय."

"का? मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

मी तोंड उघडलं. शब्द तयार होते. मॅडम, मी काढायला लावला. मॅडम, फोनवर खोटी माहिती मी दिली. एवढंच बोलायचं होतं.

त्याआधी आई बोलली. "पोरगी लई सांगायची. घाल म्हणायची. मीच ऐकलं नाय. जुनी खोड हाय, बाई, काय करू?"

ती हे इतक्या सहज म्हणाली की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पायाकडे बघत होती. डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. "असंच होतं," त्या म्हणाल्या, "घरच्यांनी किती जीव तोडून सांगितलं तरी." अभ्यासाच्या बाईंनी काहीतरी टाइप केलं. माझं तोंड बंद झालं ते बंदच राहिलं.

घरी येताना रिक्षात मी म्हणाले, "असं का सांगितलंस?"

"तुजी मान खाली गेली आसती त्यांच्यापुढं. मी काय, अडाणी. मला बोलले तर बोलले."

"पण चूक माझी होती, आई."

"आता गप."

जालना रोडला सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा सवयीनं मोबाईल काढला आणि तसाच पर्समध्ये टाकला.

त्यानंतर आठवड्याभरात अंगठा काढला. पाऊल वाचलं. नव्या जखमेवर पुन्हा तीच चकती लावली, आणि या वेळी सव्वासहाला चढ नव्हता. घरासाठी दुसरा बूट करून घेतला, कधीच बाहेर न गेलेला, तरी मूर्तीपुढं उभं राहताना आई आधी "माफ कर" म्हणायची आणि मगच वंदना सुरू करायची. सकाळची कामं मी माझ्याकडे घेतली. माझी भाजी जाड चिरलेली असते असं ती सांगते, आणि ते खरं आहे. दोन महिन्यांनी जखम पूर्ण भरली. आई आता चालते. वळताना भिंतीला हात लावते. मी बघत असले की लावत नाही.

अभ्यास संपला तेव्हा अभ्यासाच्या बाईंनी आम्हाला बोलावलं. आकडे फार उपयोगी पडले, त्या म्हणाल्या. जखमेवर भार आला की रेघ कशी बोलते, हे आईच्या आलेखात जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुणाच्याच नाही. पुढच्या रुग्णांना पहिल्याच दिवशी दाखवायला तो आलेख वापरणार होत्या. मग त्यांनी आईच्या नोंदीचा कागद पुढं केला. नातेवाइकानं वाचायचा आणि काही चुकीचं असेल तर सांगायचं, नसेल तर सही.

मी वाचला. वय, शुगर, जखमेचं माप, तारखा, सगळं बरोबर होतं. खाली एक ओळ होती : कुटुंबीयांनी वारंवार सांगूनही रुग्णानं घरात बूट वापरला नाही.

मी ती ओळ पुन्हा वाचली. कंपनीत अशा ठिकाणी खरं कारण लिहिलेलं नसलं तर मी कागद परत पाठवते. त्यापायी माणसांशी भांडते. आई शेजारच्या खुर्चीत बसली होती, तिला ते छोटं टायपिंग वाचता येत नव्हतं. "झालं का गं?" तिनं विचारलं.

"काही बदल आहे का?" बाईंनी विचारलं.

मी नाही म्हणाले आणि सही केली.